बुरशीला पोटभर की अर्धपोटी?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या टपालात सातारा-सांगलीकडून आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला: कारखान्यात, टाकीत किंवा पिशवीत मुद्दाम वाढवलेली बुरशी. कुणाला तिचं प्रथिन हवंय, कुणाला तिच्यातलं औषध, तर कुणाला तिचे बीजाणू. लांबलेली पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

कराडहून एक विद्यार्थिनी : मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पेनिसिलिनची बुरशी ‘फेड-बॅच’ने (खाद्य थोडं थोडं घालत) आणि खाण्याच्या मायकोप्रोटीनची, म्हणजे बुरशीच्या प्रथिनाची, बुरशी ‘कंटिन्युअस’ (अखंड) पद्धतीने वाढवतात, एवढंच पुस्तकात आहे. दोघींना साखर, हवा आणि अमोनियाच लागतो. मग बुरशी जास्त वाढवली की पेनिसिलिन जास्त मिळायला हवं. तसं का होत नाही?

तुमच्याच भागातल्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा. तोडणीला दोन महिने राहिले असताना युरिया आणि पाणी देत राहिलं, तर ऊस हिरवागार राहतो, कांड्या लांबतात, पण साखरेचा उतारा पडतो. पाणी तोडलं की वाढ मंदावते आणि साखर भरते. पेनिसिलियमचा, म्हणजे पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचा, स्वभाव बराचसा असाच आहे. भोवती ग्लुकोज मुबलक असेल तर ती वाढीच्याच मागे लागते आणि पेनिसिलिन बनवणारी जनुकं दबून राहतात. पेनिसिलिनचा सांगाडा तीन अमिनो आम्लं जोडून तयार होतो: अमिनोॲडिपिक आम्ल, सिस्टीन आणि व्हॅलिन. यातलं पहिलं लायसिनच्या वाटेवरचं आहे. लायसिन तर वाढीला लागतंच. म्हणजे एकाच कालव्याला दोन फाटे, आणि वाढीचा फाटा आधी उघडतो. माध्यमात बाहेरून लायसिन ओतलं, तर बुरशी त्या वाटेचं तोंडच बंद करते आणि पेनिसिलिन घटतं. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, पण कारण क्वचितच कुणी लिहितं.

म्हणून कारखान्यात दोन टप्पे करतात. पहिले सुमारे ४० तास बुरशीला पोटभर खाऊ घालतात. या काळात ती साधारण ६ तासांत दुप्पट होते. लिटरमागे ४० ग्रॅमच्या आसपास सुकं वजन झालं की साखर थेंबाथेंबाने, अगदी ठिबकसारखी. वाढीचा वेग ताशी ०.०१ ते ०.०१५ इतका खाली आणतात. ताशी ०.०१ म्हणजे दुप्पट व्हायला ६९ तास. या अर्धपोटी अवस्थेत तिला पाच-सहा दिवस ठेवायचं. तापमान २५ ते २६ अंश, सामू (पीएच) ६.४ ते ६.८. साखर पूर्ण बंद केली तर मात्र तंतू स्वतःलाच खाऊ लागतात, फुटतात, अमोनिया सुटतो आणि सामू चढत जातो. सामू ७.५ च्या वर गेला की तयार झालेलं पेनिसिलिनही मोडायला लागतं. अर्धपोटी आणि उपाशी यांतला फरक ताशी काही ग्रॅम साखरेचा असतो, आणि सगळं कसब तिथेच लागतं.

आता खर्चाचा हिशोब बघा. अशा बॅचमध्ये दिलेल्या ग्लुकोजपैकी जवळपास ६५ टक्के बुरशीला नुसतं जिवंत ठेवण्यात जातं, २५ टक्के वाढीत आणि जेमतेम १० टक्के पेनिसिलिनमध्ये. बायोमासच्या, म्हणजे नुसती बुरशीच विकणाऱ्या, कारखान्यात कुणी हा आकडा सांगितला तर मालक दुसऱ्या दिवशी टाळं लावेल.

१९४० च्या दशकात अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेने हाच पेच लॅक्टोज वापरून सोडवला होता. पेनिसिलियमला लॅक्टोज सावकाश पचतं, त्यामुळे ती आपोआपच अर्धपोटी राहते. सोबत मक्याच्या स्टार्च कारखान्यातलं कॉर्न स्टीप लिकर घातलं आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. त्या लिकरमध्ये फेनिलॲसिटिक आम्लाच्या जातीची द्रव्यं असतात; पेनिसिलिन-जी या प्रकाराची शेपटी, म्हणजे रेणूच्या टोकाचा भाग, त्यांचीच. आज हे आम्ल स्वतंत्रपणे देतात. हिशोबाने १ किलो पेनिसिलिनला सुमारे ४०० ग्रॅम लागतं, पण तेही थोडं थोडंच सोडायचं, कारण लिटरमागे १ ग्रॅमच्या वर साठलं की बुरशीला ते विषासारखं बाधतं.

मायकोप्रोटीनची तऱ्हा नेमकी उलटी. ब्रिटनमध्ये १९८५ पासून ‘क्वॉर्न’ नावाने विकली जाणारी बुरशी फ्युजेरियम व्हेनेनेटम. टाकी दीड लाख लिटरची, आत पंखा नाही, हवेच्या बुडबुड्यांनीच सगळं ढवळलं जातं. तापमान २८ ते ३०, सामू ६. एका बाजूने ताजं माध्यम आत, दुसऱ्या बाजूने बुरशी बाहेर. वाढीचा वेग ताशी ०.१७ ते ०.२०, म्हणजे साडेतीन-चार तासांत दुप्पट. इथे साखर कमी पडू द्यायची नाही आणि हवाही.

पेनिसिलिन असंच अखंड का काढत नाहीत? जास्त पेनिसिलिन देणाऱ्या वाणांत त्या जनुकांच्या अनेक प्रती असतात. अखंड वाढीत काही तंतू या प्रती गमावतात. ओझं उतरलेला तंतू भराभर वाढतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत टाकीभर तोच होतो. फ्युजेरियमचीही यातून सुटका नाही. हजार तासांत तिच्या अडीचशेहून अधिक पिढ्या होतात आणि दाट फांद्यांचा आखूड तंतू वरचढ होतो. प्रथिन तेवढंच राहतं, पण मांसासारखा धागा जातो. म्हणून सुमारे सहा आठवड्यांनी टाकी रिकामी करून नव्याने सुरुवात करतात.

जाता जाता: पुस्तकात पेनिसिलियम क्रायसोजेनम असलं, तरी औद्योगिक वाणाचं शास्त्रीय नाव आता पेनिसिलियम रुबेन्स मानतात. उत्तरपत्रिकेत मात्र पुस्तकातलंच लिहा.

कुपवाड एमआयडीसीतून एक ऑपरेटर : आमच्याकडे ५०० लिटरचा पायलट फर्मेंटर आहे. पेनिसिलियमच्या जातीची बुरशी. दोन दिवस सगळं छान चालतं. तिसऱ्या दिवशी ब्रॉथ (टाकीतलं बुरशीचं द्रावण) लापशीसारखा घट्ट होतो आणि डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) १० टक्क्यांवर येतो. आरपीएम वाढवला की तासभर बरं वाटतं, मग परत तेच. शिवाय वीज गेली की जनरेटर लागायला दोन-तीन मिनिटं जातात. त्याने बिघडत असेल का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. भरात आलेली बुरशी लिटरमागे ताशी ४० मिलिमोल, म्हणजे १.२८ ग्रॅम ऑक्सिजन खाते असं धरा. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मात्र लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आतबाहेर. टाकी पूर्ण भरलेली असली तरी ही शिदोरी २२ सेकंद पुरते. डीओ ३० टक्के असेल तर ७ सेकंद. तुमचा जनरेटर दोन-तीन मिनिटं घेतो. बुरशी लगेच मरत नाही, पण पेनिसिलिनची गाडी रुळावरून उतरते आणि तेवढ्यावर भागतही नाही. हवा थांबली की टाकीतला दाब पडतो, आणि शाफ्टच्या सीलमधून किंवा ढिल्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते. वीज गेल्यानंतर दीड दिवसाने येणारा संसर्ग बहुतेक वेळा याच दारातून आलेला असतो. उपाय स्वस्त आहे: कॉम्प्रेसरनंतर हवेची मोठी टाकी बसवा, आणि वीज जाताच एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपोआप मिटेल अशी सोय करा. पंखा थांबला तरी चालेल, दाब राहिला पाहिजे.

आता घट्टपणा. आधी डीओ का पडतोय ते शोधा. त्यासाठी साखरेचा फीड १० मिनिटं बंद करा आणि मीटरवर नजर ठेवा. डीओ दोन-चार मिनिटांत झपकन वर आला, तर हवा पुरेशी आहे. तुम्हीच जास्त खाऊ घालताय. फीड १५-२० टक्क्यांनी कमी करा. डीओ हललाच नाही, तर हवा पोचत नाहीये: स्पार्जरची (हवा सोडणाऱ्या नळीची) भोकं चोंदली असतील, हवेचा फिल्टर ओला झाला असेल किंवा प्रोबच्या पडद्यावर बुरशीचा थर बसला असेल. तिसरी शक्यता म्हणजे डीओ एका रात्रीत कोसळतो आणि सोबत सामूही पडतो. अशा वेळी मीटरवर वेळ घालवू नका, स्लाइड बघा. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या रंगात तंतूंच्या मधून बारीक काड्या दिसल्या तर तो बॅक्टेरिया आहे. त्यात पेनिसिलिन तोडणारं बीटा-लॅक्टमेज असेल तर पेनिसिलिन काही तासांत साफ होतं. अशी बॅच वाचवायच्या मागे लागू नका.

स्लाइडवर आणखी एक गोष्ट बघायची. तरुण तंतूंची टोकं गडद रंगतात आणि आतून भरलेली दिसतात. जुन्या तंतूंत गोल पोकळ्या पडतात, रंग फिका होतो. तिसऱ्या दिवशीच बहुतेक तंतू पोकळ दिसत असतील, तर तुमची बुरशी मधेमधे उपाशी राहिली आहे, फीड कमी-जास्त होतोय.

आरपीएम वाढवून का भागत नाही? पंख्याची वीज वेगाच्या घनात वाढते. वेग २० टक्क्यांनी वाढवला की वीज १.७ पट, आणि तेवढी उष्णताही. बुरशीचा ब्रॉथ पंख्याजवळ पातळ होतो आणि भिंतीजवळ घट्टच राहतो. पंखा स्वतःभोवती एक पोकळी करून तिच्यातच फिरत राहतो, हवाही त्याच वाटेने वर निघून जाते, आणि टाकीच्या कडेची बुरशी गुदमरते. त्यावर तंतू तुटतात ते वेगळंच.

त्यापेक्षा हे करा. रोज ठरल्या वेळी १० मिलि ब्रॉथ ३००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा आणि खाली बसलेली बुरशी किती टक्के ते लिहून ठेवा. आकडा ४० च्या पुढे सरकला की टाकीतला १० टक्के ब्रॉथ काढून तेवढंच निर्जंतुक पाणी घाला. घट्टपणा बुरशीच्या जवळपास वर्गात वाढतो, त्यामुळे १० टक्के पातळ केलं की तो सुमारे २० टक्क्यांनी उतरतो. काढलेला ब्रॉथ फेकू नका, त्यात पेनिसिलिन आहे. थंड करून ठेवा. टाकीचा दाब अर्ध्या बारपर्यंत वाढवला तरी डीओ सुधारतो, पण बाहेर जाणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड ५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, पेनिसिलिनला तो मारक आहे. फेस मारायचं तेल एकदम ओतायची सवय असेल तर ती सोडा. तेल ओतलं की फेस बसतो, पण बुडबुडे एकत्र येऊन मोठे होतात आणि डीओ आणखी पडतो.

मूळ दुखणं बहुतेक विरजणात आहे. सीड टाकीत (विरजण वाढवायच्या छोट्या टाकीत) मिलिलिटरमागे ५ लाखांपेक्षा जास्त बीजाणू घातले तर बुरशी मोकळ्या तंतूंनी वाढते आणि ब्रॉथ घट्ट होतो. १० हजारांच्या घरात घातले तर साबुदाण्यासारख्या गोळ्या होतात आणि ब्रॉथ पातळ राहतो. गोळ्या अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेल्या तर त्यांचा गाभा ऑक्सिजनविना मरतो, म्हणून बारीक गोळी हीच मधली वाट. आम्ही तुमच्या जागी असतो तर आधी बीजाणूंची मोजणी सुरू केली असती. ५०० लिटरवर प्रयोग करायला हरकत नाही, त्याचसाठी पायलट असतो.

वाळवा तालुक्यातून एक ऊस उत्पादक : साखर कारखान्याच्या मळीपासून दारू होते, मग प्रथिन का नाही? आम्ही पाच-सहा जणांनी मिळून रोज १ टन बुरशीचं प्रथिन काढायचा विचार केलाय. हिशोब बसेल का?

मळी म्हणजे इथे मोलॅसिस. शेतात टाकतात ती प्रेसमडची मळी नव्हे. हिशोब कागदावर मांडू.

मोलॅसिसमध्ये साखर साधारण ४५ ते ५० टक्के. १ किलो साखरेतून चांगली चाललेली टाकी ४५० ग्रॅम सुकी बुरशी देते. म्हणजे रोज १ टन सुक्या बुरशीला सव्वादोन टन साखर, म्हणजेच पावणेपाच टन मोलॅसिस. नत्र लागतं ७५ किलोच्या आसपास, युरियात धरलं तर १६० किलो. त्या १ टनात प्रथिन ४५० किलो. इथवर सगळं गोड आहे.

पुढे ऑक्सिजन. १ किलो सुक्या बुरशीला पाऊण किलोहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो, आणि तेवढा वापरताना सुमारे ११ मेगाज्यूल उष्णता निघते. रोज १ टनाला ती सतत १२७ किलोवॅट पडते, म्हणजे ३६ टनांचा चिलर. पंप-कॉम्प्रेसरची उष्णता वेगळी. कूलिंग टॉवरवर भागेल असं वाटत असेल तर मे महिना आठवा. टॉवरचं पाणी ओल्या बल्बच्या तापमानाच्या तीन-चार अंश वरच राहतं, आणि टाकी २८ अंशांवर ठेवायची तर पाणी त्याहून बरंच गार हवं. युरोपातल्या कारखान्यांना हा खर्च आपल्याइतका जाणवत नाही.

मग पाणी. लिटरला १५ ग्रॅम सुकी बुरशी धरली तरी १ टनासाठी ६५ हजार लिटरहून जास्त ब्रॉथ गाळावा लागतो. गाळून निघालेलं पाणी मोलॅसिसच्या रंगाचं, क्षारांचं आणि वासाचं. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा त्रास तुमच्या भागाला सांगायला नको. प्रदूषण मंडळाची संमती घेताना पहिला प्रश्न याच पाण्याचा येईल. मोलॅसिस साठवायलाच राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तो वेगळा.

माणसाच्या खाण्यासाठी करायचं असेल तर आणखी एक घाट चढायचाय. भराभर वाढणाऱ्या बुरशीत आरएनए सुक्या वजनाच्या ८ ते १० टक्के असतं. आपल्या शरीरात त्याचं युरिक ॲसिड होतं, पुढे गाऊट आणि मुतखडा. म्हणून बुरशी टाकीतून काढल्यावर ६४-६५ अंशांवर २० ते ३० मिनिटं धरतात. तिची स्वतःचीच विकरं (एन्झाइम) आरएनए तोडून बाहेर सोडतात आणि प्रमाण २ टक्क्यांखाली येतं. पण त्याबरोबर सुक्या वजनातला जवळजवळ एक तृतीयांश मालही पाण्यात जातो. तुमच्या १ टनाचे इथे पावणेसातशे किलो होतात. त्यातून मोलॅसिसचा रंग आणि राख खाण्याच्या मालात चालत नाही. मायकोप्रोटीनसाठी स्वच्छ ग्लुकोज सिरप वापरतात ते उगाच नाही. वर एफएसएसएआयच्या २०१७ च्या नियमांखाली नव्या अन्नघटकाची पूर्वपरवानगी. ती विषचाचण्यांच्या अहवालांशिवाय मिळत नाही, आणि फ्युजेरियमच्या कुळात मायकोटॉक्सिन बनवणाऱ्या बुरश्या आहेत, तेव्हा या चाचण्या टाळता येणाऱ्या नाहीत.

जनावरांच्या खाद्यासाठी हा आरएनएचा अडसर बराच कमी होतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात सूक्ष्मजीवांचं आरएनए रोजच जातं. फिनलंडमध्ये १९७५ पासून ‘पेकिलो’ नावाने कागद कारखान्याच्या टाकाऊ द्रावावर पेसिलोमायसिस बुरशी वाढवून पशुखाद्य करत होते. तिथे द्राव फुकटात होता, उलट तो साफ करणं ही कारखान्याचीच गरज होती. तुमचं मोलॅसिस विकत घ्यायचंय, आणि त्यासाठी तुमच्यासमोर इथेनॉलवाला उभा आहे.

आमचं स्पष्ट मत: तुमच्या शेजारच्या शिवारात सोयाबीन पिकतं आणि तेल काढलेल्या पेंडीत ४५ टक्क्यांच्या पुढे प्रथिन असतं, तेही चिलरशिवाय. मोलॅसिसवरची बुरशी त्या भावाला उतरणार नाही. बुरशीचाच धंदा करायचा असेल तर किलोवर नव्हे, ग्रॅमवर विकली जाणारी वस्तू शोधा. विकरं, जैविक खतं-औषधं ही त्या वाटेवरची आहेत.

तासगावहून एक शेतकरी गट : द्राक्ष आणि हळदीसाठी आम्ही ट्रायकोडर्मा (पिकांचे रोग रोखणारी बुरशी) बनवतो. मोलॅसिसच्या पाण्यात फ्लास्कमध्ये वाढवून टाल्कमध्ये मिसळतो. ताजं असताना वास-रंग छान, पण दोन महिन्यांनी तपासणीत ग्रॅमला ४ लाखच आले. कुठे चुकतंय?

नियमाने ग्रॅमला किमान २० लाख हवेत. तुमची चूक वाढवण्यात कमी आणि ‘काय वाढवायचं’ यात जास्त आहे. हा बायोमासही नाही आणि अँटिबायोटिकही नाही. तुम्हाला बीजाणू हवेत. पाण्यात हलवत वाढवलेल्या ट्रायकोडर्मात मुख्यतः कोवळे तंतू असतात, आणि टाल्कमध्ये सुकताना ते मरतात. सात-आठ दिवस वाढू दिलं तर जाड भिंतीचे क्लॅमिडोस्पोअर होतात, ते थोडे टिकतात. टिकाऊ हिरवे बीजाणू मात्र हवेतल्या पृष्ठभागावरच येतात. तेव्हा ज्वारीवर या.

ज्वारी रात्रभर भिजवा, निथळा, फडक्यावर पसरून वरचं पाणी उडू द्या. दाणा चिमटीत दाबला तर मऊ लागावा, पण बोटाला पाणी लागू नये. सगळा खेळ या एका गोष्टीवर आहे. जास्त ओली ज्वारी ऑटोक्लेव्हमध्ये फुटते, पिठाळ होते आणि बॅसिलस लागून आंबूस, बुळबुळीत होते. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत ५०० ग्रॅम भरा, तोंडाला कापसाचा बोळा. १५ पौंड दाबावर तासभर, दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर. पहिल्या वेळी वाचलेले बीजाणू रात्रीत उगवतात आणि दुसऱ्या वेळी मरतात. गार झाल्यावर विरजण घाला आणि २५ ते २८ अंशांवर ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरी जाळी धरली की पिशवी बाहेरून चोळून दाणे सुटे करा, म्हणजे आतल्या दाण्यांनाही हवा लागते. दिवसातले काही तास उजेड मिळू द्या. अंधारात हिरवा रंग, म्हणजे बीजाणू, कमी धरतात. १२ ते १५ दिवसांत दाणा न् दाणा गर्द हिरवा.

मधेच एखाद्या पिशवीत नारिंगी भुकटी दिसली तर ती न उघडता बाहेर नेऊन ऑटोक्लेव्ह करा. ती न्यूरोस्पोरा. एकदा खोलीत उडाली की पुढच्या दोन-तीन खेपा गेल्याच.

सुकवणं सावलीत, ३५ अंशांच्या आत. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत आला की दळून टाल्कमध्ये मिसळा, किलोला ५ ग्रॅम सीएमसी (चिकटपणा आणणारी भुकटी). दळताना मास्क बांधाच, हे बीजाणू छातीत जातात. पत्र्याच्या शेडमध्ये पोती ठेवत असाल तर एप्रिल-मेमध्ये कुठलाही ट्रायकोडर्मा टिकणार नाही; थंड खोलीत चार ते सहा महिने धरा. बागेत कार्बेन्डाझिमची आळवणी केली असेल तर किमान १५ दिवस थांबा, नाहीतर सगळे कष्ट त्या एका पिंपात बुडतील. आणि गटाबाहेर विकायचं असेल तर कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदणी लागते.

मिरजेहून एक औषधविक्रेते : आमच्याकडे अमॉक्सिसिलिन रोज विकलं जातं. ते बुरशीपासून थेट येतं का? आणि आपल्याकडे पेनिसिलिन बनवणं बंद झालं होतं म्हणतात, ते खरं का?

थेट नाही. बुरशी पेनिसिलिन-जी देते. ब्रॉथ गाळून गार करतात, सल्फ्युरिक आम्लाने सामू २ ते २.५ वर आणतात आणि ब्युटाइल ॲसिटेटमध्ये ओढून घेतात. त्या सामूवर पेनिसिलिन मिनिटांच्या हिशोबात मोडतं, म्हणून हे काम गोठणबिंदूच्या जरा वर, वेगाने फिरणाऱ्या यंत्रात, अगदी थोड्या वेळात उरकतात. नंतर पोटॅशियम ॲसिटेटने स्फटिक. मग पेनिसिलिन ॲसिलेज या विकराने त्याची फेनिलॲसिटिक शेपटी कापतात. उरतं ते ६-एपीए, म्हणजे पेनिसिलिनचा गाभा, आणि त्याला नवी शेपटी जोडली की अमॉक्सिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन. कापलेली शेपटी पुन्हा फर्मेंटरमध्ये घालता येते.

एका गंमतीच्या आकड्याचा तुम्हाला उपयोग होईल. पेनिसिलिन-जीचं १ युनिट म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम, त्यामुळे १० लाख युनिटची कुपी म्हणजे ६०० मिलिग्रॅम. सुरुवातीच्या काळात ब्रॉथमध्ये मिलिलिटरला १-२ युनिट असत. २ युनिट धरले तरी एका कुपीला ५०० लिटर ब्रॉथ! आज लिटरला ४० ग्रॅमच्या पुढे मिळतं, म्हणजे तीच कुपी १५ मिलिमध्ये. मधल्या काळात १९४३ मध्ये पिओरियाच्या बाजारातल्या खरबुजावर सापडलेला वाण आणि त्यावर क्ष-किरण, अतिनील किरणांनी केलेल्या निवडी आहेत.

देशातली सुरुवात जवळचीच. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ची. पुढे चिनी मालाच्या दरापुढे इथले पेनिसिलिन-जीचे फर्मेंटर बंद पडले आणि कच्चा माल आयात होऊ लागला. अलीकडे केंद्राच्या पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन) योजनेतून आंध्रात काकीनाड्याजवळ मोठा कारखाना उभा राहिला आणि २०२४ मध्ये सुरू झाला. हा धंदा विजेच्या आणि साखरेच्या दरावर चालतो. फर्मेंटर बांधण्यापेक्षा तो वर्षभर परवडेल असा चालवणं अवघड.

कोरेगावहून एक पशुपालक : औषध कारखान्यातला गाळलेल्या बुरशीचा चोथा स्वस्तात मिळतोय. प्रथिन भरपूर म्हणतात. म्हशींना घालावा का?

नाही. प्रथिन असतं हे खरं, पण त्या चोथ्यात उरलेलं अँटिबायोटिकही असतं. ते रोज थोडं थोडं पोटात गेलं की रवंथाच्या पोटातले उपयोगी जिवाणू मरतात, चिवट जिवाणू माजतात आणि दुधात अंश उतरतो. डेअरीच्या तपासणीत दूध नाकारलं जाईल ते वेगळंच. शेणखतातही थेट मिसळू नका.

वाईहून एक शिक्षिका : मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. बुरशीचं मायकोप्रोटीन खाल्लेलं चालेल का? आणि भाकरीवरची निळी-हिरवी बुरशी पूर्वी जखमेवर लावत असत म्हणे, त्यात तथ्य किती?

मायकोप्रोटीनची बुरशी वेगळी आहे, तिच्यात पेनिसिलिन नसतं. मात्र बुरशीचीच ॲलर्जी असणाऱ्यांना त्याने त्रास झाल्याची उदाहरणं आहेत, आणि परदेशात पाकिटावर तशी सूचना छापतात. दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

भाकरीवरच्या बुरशीत औषधाइतकं पेनिसिलिन निघत नाही, आणि ती पेनिसिलियमच असेल याची खात्री नाही. अस्परजिलस निघाली तर अफ्लाटॉक्सिन, ते भाजून-उकळूनही नीट जात नाही. जखम साबणाच्या पाण्याने धुवा, आणि ती भाकरी गुरांनाही न घालता पुरून टाका.